रानफुलांवरची हेअरस्ट्रीक फुलपाखरं : निरीक्षण आणि फोटोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं नवख्यांसाठी आहेत, पण मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठा फोटो काढणारी लेन्स) घेऊन बरेच दिवस हिंडणाऱ्यांनाही काही गोष्टी उपयोगी पडतील. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. फक्त शेपट्यांबद्दलचं उत्तर आधी वाचा, कारण पुढची निम्मी उत्तरं त्याच्याच आधाराने उभी आहेत.

हेअरस्ट्रीक म्हणजे नेमकं कोणतं फुलपाखरू?

लायसेनिडी हे फुलपाखरांचं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं कुळ. त्यात ५,०००हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या थेक्लिनी या उपकुळातल्या बऱ्याच जातींना हेअरस्ट्रीक म्हणतात. पसरलेल्या पंखांची लांबी साधारण दोन ते चार सेंटिमीटर. पंख मिटले की जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं. मिटलेल्या पंखांवर, म्हणजे पंखांच्या खालच्या बाजूवर, केसासारखी बारीक रेघ असते, पांढरी, काळी किंवा दोन्ही रंगांची. मागच्या पंखाच्या कोपऱ्यात नारिंगी किंवा निळसर ठिपका आणि त्याला लागून एक-दोन नाजूक शेपट्या. मिशांवर काळे-पांढरे पट्टे, डोळ्याभोवती पांढरी कड.

प्रत्येकात हे सगळं असतंच असं नाही. युरोपातल्या ग्रीन हेअरस्ट्रीकला शेपटीच्या नावाने नुसतं टोक असतं, तर उत्तर अमेरिकेतल्या कोरल हेअरस्ट्रीकला शेपटीच नसते. आशियात याच उपकुळातल्या फुलपाखरांना रॉयल, फ्लॅश, ओकब्लू, ऑनिक्स अशी नावं आहेत. नावात हेअरस्ट्रीक नसलं तरी बसण्या-वागण्याची तऱ्हा तीच, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

त्या शेपट्यांचा उपयोग काय? आणि फुलपाखरू बसल्या बसल्या मागचे पंख का घासतं?

हेअरस्ट्रीक फुलावर बसलं की दोन मिनिटं कॅमेरा खाली ठेवा आणि नुसतं बघा. पुढचे पंख स्थिर असतात. मागचे दोन पंख मात्र एकमेकांवर घासत राहतात, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. त्याबरोबर शेपट्यांची टोकं सारखी थरथरतात. वाऱ्याने मिशा हलाव्यात तशाच. शेपट्यांच्या बुडाशी गोल ठिपका, तो डोळा. पंखावरच्या रेघाही त्याच कोपऱ्याकडे नजर ओढून नेतात. जरा लांबून पाहिलं तर डोकं मागच्या टोकाला आहे असंच वाटतं, आणि खरं डोकं बिचारं शांतपणे फुलात खुपसलेलं असतं.

याला फसवं डोकं म्हणतात. पक्षी, सरडा किंवा कोळी झडप घालतो ती त्या टोकावर. पंखाचा तुकडा त्याच्या तोंडात राहतो आणि फुलपाखरू उलट दिशेने निसटतं. रॉबर्ट रॉबिन्स या कीटकशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये ही कल्पना कोलंबिया आणि पनामातल्या फुलपाखरांवर तपासली. ज्या जातींमध्ये फसव्या डोक्याच्या खुणा जास्त ठळक, त्यांच्या मागच्या पंखाचा कोपरा तुटलेला सापडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. फ्लोरिडातल्या आंद्रेई सुराकोव्ह यांनी तर रेड-बँडेड हेअरस्ट्रीक थेट उडी मारणाऱ्या कोळ्यासमोर सोडलं. कोळी पुन्हा पुन्हा मागच्या टोकावर झेपावला आणि फुलपाखरू दर वेळी सुटलं. हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून शेपट्या तुटलेलं, कोपरा गेलेलं हेअरस्ट्रीक दिसलं तर ‘फाटकं आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. दोन्ही बाजूंचा कोपरा एकाच आकारात तुटलेला असेल तर हल्ला पंख मिटलेले असताना झाला आणि फुलपाखरू त्यातून वाचलं. असा फोटो मला तरी कोऱ्या करकरीत पंखांच्या फोटोपेक्षा जास्त बोलका वाटतो.

शेपटी आणि ठिपका दिसला म्हणजे हेअरस्ट्रीकच ना?

नाही, आणि ही गफलत खूप जणांची होते. लायसेनिडी कुळातल्याच ब्लू गटातल्या काही जातींनाही शेपटी आणि ठिपका असतो. पी ब्लू हे त्यांतलं सर्वांत जास्त भेटणारं, कारण ते आशिया, आफ्रिका, युरोप असं सगळीकडे पसरलेलं आहे. त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूवर एक बारीक रेघ नसते, तर तपकिरी-पांढऱ्या लाटांच्या ओळीच्या ओळी असतात. टेल्ड ब्लू गटात शेपटी अगदी छोटी आणि पंखावर सुटे काळे ठिपके विखुरलेले असतात.

उडण्यावरूनही अंदाज बांधता येतो. ब्लू फुलपाखरं गवताच्या उंचीवर रमतगमत, फडफडत जातात. हेअरस्ट्रीक झटक्यात उडतं, वेडीवाकडी वळणं घेतं, नजरेतून सुटतं आणि बऱ्याचदा त्याच झुडपावर परत येतं. नजरेतून सुटलं म्हणजे गेलं असं समजू नका. जिथून उडालं तिथेच थांबा.

कोणत्या फुलांवर शोधायचं?

हेअरस्ट्रीकची सोंड आखूड असते. खोल नळीच्या फुलांचा मकरंद तिला पोचत नाही. त्यामुळे बारीक बारीक फुलांचे गुच्छ आधी बघा: डेझीच्या जातीची फुलं, छत्रीसारखे फुलोरे, क्लोव्हर, यॅरो, गोल्डनरॉड, रानटी बकव्हीट, मिल्कवीड, उष्ण प्रदेशात टणटणी आणि एकदांडी. कोरल हेअरस्ट्रीकला नारिंगी फुलांच्या बटरफ्लाय वीडचं विशेष वेड आहे. हे फूल दिसलं की त्याच्या हंगामात आधी तिथे नजर टाकावी.

पण फुलापेक्षा जास्त भरवशाची खूण म्हणजे अळीची खाद्य वनस्पती. ज्युनिपर हेअरस्ट्रीकची अळी ज्युनिपरवर वाढते, त्यामुळे प्रौढ फुलपाखरू ज्युनिपरच्या आसपासच्या फुलांवरच भेटतं. व्हाइट-लेटर हेअरस्ट्रीकचं एल्मशी हेच नातं. अमेरिकेतलं ग्रेट पर्पल हेअरस्ट्रीक आणि भारतातलं पीकॉक रॉयल एकमेकांपासून हजारो मैलांवर, पण दोघांच्या अळ्या बांडगुळावरच्या. याला सरळ अपवाद म्हणजे ग्रे हेअरस्ट्रीक. त्याची अळी घेवड्यापासून कपाशीपर्यंत बऱ्याच कुळांतल्या झाडांवर चालवून घेते, म्हणूनच ते उत्तर अमेरिकेत जवळजवळ कुठेही दिसतं.

तेव्हा माझा क्रम असा असतो: आधी झाड, मग त्या झाडापासून हाकेच्या अंतरावरची उन्हातली फुलं. काही जाती मात्र फुलांना भीकच घालत नाहीत. पर्पल हेअरस्ट्रीक ओकच्या शेंड्यावर राहतं आणि माव्याने पानांवर सोडलेला गोड चिकटा चाटून जगतं. ते खाली फुलावर आलं तर नशीब समजा.

दिवसाची कोणती वेळ चांगली?

फुलपाखराला उडायला अंग तापवावं लागतं, त्यामुळे घड्याळापेक्षा ऊन बघा. ब्रिटनमध्ये १९७६ पासून सुरू असलेल्या फुलपाखरू गणनेत तापमान १३ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर मोजणीच करत नाहीत. थंड प्रदेशात दुपारचे तास चांगले. उष्ण प्रदेशात सकाळी ऊन पसरल्यापासून ते फार चटका लागेपर्यंत, आणि मग पुन्हा दुपार कलल्यावर.

फोटोसाठी मला सकाळचा पहिला तास-दीड तास आवडतो. फुलपाखरू आळसावलेलं असतं, ऊन खात एका जागी बसतं, प्रकाशही मऊ असतो. ‘पहाटे दवात भिजलेलं फुलपाखरू’ या प्रकारच्या फोटोची आशा मात्र हेअरस्ट्रीककडून फार ठेवू नका. ब्लू जाती गवताच्या काडीवर रात्र काढतात, हेअरस्ट्रीक बहुतेक करून झुडपात किंवा झाडावर वर जाऊन बसतात.

दुपारनंतर काही जातींचे नर झुडपाच्या टोकाच्या पानावर ठाण मांडतात आणि दुसरा नर आला की दोघं गरगर फिरत वर जातात. बघायला हे सर्वांत मजेदार. फोटोला जवळजवळ अशक्य.

पंख उघडून का बसत नाही? वरची बाजू कधी दिसणार?

बहुतेक हेअरस्ट्रीक बसताना पंख मिटूनच बसतात. ग्रीन हेअरस्ट्रीक तर बसल्यावर पंख उघडतच नाही. ते ऊनही मिटल्या पंखांनीच खातं: सूर्याला बाजू देतं आणि हळूहळू एका कुशीवर कलतं, इतकं की आता पडतंय की काय असं वाटावं. ते कललेलं असताना पंखाचा सपाट भाग नेमका सूर्यासमोर येतो. फोटोग्राफरला याहून जास्त काय हवं! सूर्य पाठीशी घ्या, सावली मात्र पडू देऊ नका.

ग्रे हेअरस्ट्रीक पंख उघडून ऊन खातं, तेव्हा त्याची राखाडी पाठ आणि नारिंगी ठिपका आरामात मिळतो. इतर जातींच्या पाठीवरचा निळा-जांभळा रंग उडतानाच चमकून जातो. तो टिपायचा असेल तर शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवून, फुलपाखरू उडण्याच्या बेतात असताना सलग फोटो काढत राहायचं. शंभरातला एखादा लागतो. त्याच्या मागे लागण्याआधी मिटल्या पंखांचा चांगला फोटो हातात असू द्या.

जवळ गेलं की उडतं. काय करू?

फुलपाखराला जवळजवळ चारही बाजूंचं दिसतं, त्यामुळे ‘मागून गुपचूप’ हा डाव चालत नाही. त्याला खटकते ती हालचाल, विशेषतः आडवी, आणि अंगावर पडणारी सावली. दोन-तीन मीटरवरून एक फोटो काढून ठेवा, पुरावा म्हणून. मग खाली बसा आणि सरळ रेषेत, थांबत थांबत पुढे सरका. कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला असू द्या; जवळ जाऊन हात वर केला की संपलं. शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये फुलपाखरापेक्षा गवताकडे लक्ष ठेवा. गुडघ्याने दाबलेली काडी पलीकडे त्याच फुलाच्या देठाला लागलेली असते.

फुलपाखरू सोंड घालून पिऊ लागलं की ते बरंच सोसतं. गुच्छातल्या एका फुलातून दुसऱ्यात सोंड फिरवत ते जागच्या जागी गोल वळत जातं. म्हणजे आत्ता तिरकं असलेलं फुलपाखरू थोड्या वेळात आपणहून तुमच्याकडे बाजू करेल. तुम्ही प्रदक्षिणा घालू नका. त्याला वळू द्या.

नर कधी कधी ओल्या मातीवर क्षार शोषायला उतरतात. चिखलपान करणारं फुलपाखरू फुलावरच्यापेक्षाही जास्त जवळ येऊ देतं, पण तो फोटो रानफुलांचा नाही.

अजिबातच हललं नाही तर?

मग फुलाच्या खाली वाकून बघा. तासन्‌तास एका जागी, पंख विचित्र कललेले, मिशा लोंबलेल्या असं हेअरस्ट्रीक बहुतेक वेळा खेकडा कोळ्याच्या तावडीत असतं. हा कोळी फुलाच्या रंगात मिसळून बसतो. पांढऱ्या फुलावर पांढरा, पिवळ्यावर पिवळा. जाळं विणत नाही, मकरंदासाठी आलेल्या किड्याला खऱ्या डोक्याजवळ पकडतो. फसवं डोकं इथे कामाला येत नाही.

कोणती लेन्स घ्यावी?

९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स सर्वांत सोयीची. फुलपाखरापासून पुरेसं अंतरही राहतं आणि हातात धरूनही फोटो काढता येतो. ५० किंवा ६० मिलिमीटरच्या मॅक्रोने फार जवळ जावं लागतं. १५० ते २०० मिलिमीटरची उत्तम, पण जड.

मॅक्रो नसेल तर ३०० मिलिमीटरची टेलिफोटो आणि पुढे चांगल्या प्रतीची क्लोज-अप लेन्स (लेन्सच्या तोंडावर फिल्टरसारखं बसवायचं भिंग) ही जोडी वाईट नाही. एक्सटेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घेताना साधं गणित ध्यानात असू द्या: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ, इतकं मोठेपण वाढतं. २५ मिलिमीटरची ट्यूब ५० मिलिमीटरच्या लेन्सला लावली तर अर्ध्या पटीची भर पडते, ३००च्या लेन्सला लावली तर जेमतेम बारावा हिस्सा.

आणि दर वेळी १:१ पर्यंत, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूएवढी होईपर्यंत, जाण्याचा अट्टहास कशाला? फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सर), २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. १:२ वर, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या निम्मी असताना, चौकट ७२ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यात ६,००० पिक्सेल. दीड सेंटिमीटरचं फुलपाखरू त्यात साधारण १,२५० पिक्सेल व्यापतं. ओळख पटवायला, स्क्रीनवर दाखवायला, छोटा प्रिंट काढायला हे पुरेसं आहे, आणि फूलही चौकटीत राहतं.

सेटिंग काय ठेवू? डोळ्यावर फोकस केला तरी शेपट्या धूसर येतात.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं खरं उत्तर सेटिंगमध्ये नाही.

वन्यजीव फोटोग्राफीत ‘डोळा शार्प हवा’ हा नियम सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. हेअरस्ट्रीकच्या बाबतीत तो अर्धाच खरा. इथे पुढचा डोळाही हवा आणि मागचं फसवं डोकंही हवं. तो कोपरा धूसर गेला तर जात ओळखता येत नाही, आणि फुलपाखराची गंमतच निघून जाते.

आता हिशोब बघा. फुल फ्रेमवर १:२ आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) असताना स्पष्ट दिसणारी खोली ढोबळमानाने ३ मिलिमीटर. १:१ आणि एफ/११ वर ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास उरते. फुलपाखरू डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन सेंटिमीटर धरलं आणि तुमचा कॅमेरा त्याच्या पंखाला समांतर न राहता फक्त १० अंश तिरका झाला, तर दोन टोकांमध्ये साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे १:२ वरसुद्धा एक टोक हातचं गेलंच. याउलट कॅमेऱ्याची पाठ पंखाला तंतोतंत समांतर असेल तर एफ/५.६लाही पंखावरचा एक न्‌ एक खवला दिसतो, कारण मिटलेले पंख जवळजवळ सपाट असतात.

तेव्हा आधी समांतर व्हा, मग सेटिंगचा विचार करा. समांतर झालं की नाही हे कसं कळतं? फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून फक्त दोन जागा बघा, मिशीचं बूड आणि शेपटीचं बूड. शेपटी धूसर असेल तर तुमचा कॅमेरा कोणत्या बाजूला किंचित वळवायला हवा ते लगेच समजतं. उभ्या अक्षातला कल जास्त फसवतो: आपण उभे किंवा ओणवे असतो आणि वरून खाली बघत असतो. पोटावर झोपायची तयारी ठेवली की निम्मे फोटो आपोआप सुधारतात.

आकडेच हवे असतील तर सुरुवात यावरून करा: एफ/८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ ऑटो. वारा असेल तर १/१००० सेकंद. एफ/१६च्या पलीकडे जाऊ नका. १:१ वर एफ/११ ठेवलं तरी प्रत्यक्षात एफ/२२ इतकाच प्रकाश पोचतो आणि विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ होतो. १:१च्या आसपास ऑटोफोकस शोधाशोध करत असेल तर फोकस एका जागी पक्का करा आणि स्वतः इंचभर पुढे-मागे झुलत सलग तीन-चार फोटो घ्या. ट्रायपॉड लावेपर्यंत फुलपाखरू पुढच्या फुलावर गेलेलं असतं. कोपर जमिनीवर टेकवणं पुरतं.

वाऱ्याने फूल हलत राहतं.

थांबा. वारा सलग क्वचितच वाहतो, मध्ये मध्ये श्वास घेतल्यासारखा थांबतो. बोटांनी देठ धरता येतो, पण फुलपाखरापासून बराच खाली. नाहीतर आखूड देठाचं, जमिनीलगतचं फूल निवडा.

मोबाइलने जमेल का?

जमेल, एक सवय मोडली तर. बरेच मोबाइल जवळची वस्तू दिसली की आपणहून अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जाऊन मॅक्रो सुरू करतात. मग दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं, सावली पडते आणि फुलपाखरू उडतं. हे ऑटो मॅक्रो बंद करा. दुप्पट किंवा तिप्पट झूमचा कॅमेरा निवडा, शक्य तितक्या जवळून पण सावली न पाडता फोटो घ्या, आणि नंतर कापा. मोबाइलच्या छोट्या सेन्सरमुळे जास्त खोली स्पष्ट येते, त्यामुळे शेपटी धूसर जाण्याची तक्रार इथे कमीच.

पंख घासण्याच्या हालचालीसाठी मात्र मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ कोणत्याही फोटोपेक्षा सरस.

रंग बरोबर येत नाहीत. पांढऱ्या फुलातला तपशील उडतो, नाहीतर फुलपाखरू काळं पडतं.

पांढरी फुलं चौकटभर असतील तर कॅमेरा फसतो आणि सगळंच अंधारं करतो. हिरव्या-काळपट पार्श्वभूमीवर उलटं होतं, पंखावरच्या पांढऱ्या रेघा जळून जातात. एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा आणि एक्सपोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप वर-खाली करा. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) ठेवा. कडक उन्हात सावलीचा कापड धरणारा सोबती असेल तर बरं, पण फुलपाखरावर अचानक सावली पडली तर ते उडेल हे आलंच.

ग्रीन हेअरस्ट्रीकचा हिरवा रंग ही वेगळीच भानगड आहे. तो रंगद्रव्याचा नाही. खवल्यांच्या आत कायटिनची अतिसूक्ष्म, जायरॉइड आकाराची, म्हणजे तिन्ही दिशांना वळत पुन्हा पुन्हा तशीच गुंफलेली, जाळी असते आणि ती प्रकाशातला हिरवा भाग परतवते. त्यामुळे कोन बदलला की छटा बदलते: इकडून पाचूसारखा, तिकडून मळकट. दोन-तीन कोनांतून फोटो घ्या आणि एडिट करताना ‘खरा हिरवा कोणता’ यावर स्वतःशी भांडू नका. सगळेच खरे आहेत. फ्लॅश वापरायचा तर डिफ्यूजर लावून, कमी ताकदीवर, नुसत्या सावल्या भरण्यापुरता.

ओळख पटवण्यासाठी किमान कोणते फोटो लागतात?

मिटल्या पंखांचा बाजूने घेतलेला एक स्वच्छ फोटो, ज्यात मागच्या पंखाचा कोपरा, रेघ तुटक आहे की सलग, आणि नारिंगी ठिपका किती पसरला आहे हे दिसेल. अमेरिकेतल्या बँडेड आणि एडवर्ड्‌स हेअरस्ट्रीकसारख्या जोड्यांमध्ये फरक असल्याच बारकाव्यांत असतो. दुसरा फोटो फुलाचा, पानांसकट. तिसरा आसपासच्या झाडांचा, साधा, लांबून. हा तिसरा कोणी काढत नाही आणि ओळखणाऱ्याला बऱ्याचदा तोच उपयोगी पडतो.

अंडी आणि अळ्या बघायच्या असतील तर?

अळी चपटी, गोगलगायीसारखी, पानाच्या किंवा कळीच्या रंगाची. नजरेने शोधण्यापेक्षा मुंग्यांचा माग काढा. या कुळातल्या ज्या जातींचं जीवनचक्र माहीत आहे, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जातींचा मुंग्यांशी काही ना काही संबंध आहे. अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड द्रव येतो, मुंग्या तो पितात आणि अळीभोवती घोटाळत राहतात. कळ्यांच्या गुच्छावर मुंग्या एकाच जागी घुटमळताना दिसल्या तर भिंग काढा. ग्रीन हेअरस्ट्रीकचा कोष तर बारीक किरकिर आवाजही काढतो, आणि मुंग्यांना त्याचं आकर्षण वाटतं असं मानलं जातं.

युरोपातल्या ब्राउन हेअरस्ट्रीकचं प्रौढ फुलपाखरू दिसणं अवघड, पण अंडी सोपी. हिवाळ्यात ब्लॅकथॉर्नच्या उघड्या काटक्यांवर पांढरे ठिपके शोधायचे. याच कारणाने दर वर्षी कुंपणाची सरसकट छाटणी झाली की त्या भागातली अंडी छाटणीबरोबरच जातात.

फुलपाखरू थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून मग फोटो काढला तर?

नको. गारठलेलं फुलपाखरू पंख वेगळेच धरतं, मिशा पाडतं, आणि जाणत्या माणसाला फोटो बघताच कळतं. शिवाय पकडताना खवले निघतात ते वेगळंच. फूल तोडून दुसरीकडे नेणं, पार्श्वभूमी ‘साफ’ करण्यासाठी आसपासची झाडं उपटणं हेही त्याच माळेतलं. उपटलेल्या रोपावर अंडी नव्हती हे तुम्ही तपासलं होतं का?

नोंद कुठे करावी? जागा जाहीर करावी का?

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, जागा आणि फुलाच्या नावासकट नोंद टाका. फुलाचं नाव आवर्जून, कारण कोणतं फुलपाखरू कशावर येतं याची माहिती अशा नोंदींतूनच जमते. साध्या जातींची नेमकी जागा द्यायला हरकत नाही. दुर्मीळ जातींची देऊ नका. फ्लोरिडातल्या बार्ट्रम्स स्क्रब-हेअरस्ट्रीकची अळी तिथल्या पाइनच्या रानातल्या एकाच प्रकारच्या क्रोटनवर जगते. २०१४ मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. इतक्या चिमुकल्या जागेत दहा फोटोग्राफर एका दिवशी लोळले तरी पुरे. समाजमाध्यमावर फोटो टाकण्याआधी फाइलमधले जीपीएसचे आकडे पुसले गेले आहेत ना, ते बघा.

माझ्या बागेत येतील का?

मकरंदाची फुलं लावली तर पाहुणे म्हणून येतील. अळीचं झाड लावलं तर राहतील. तुमच्या भागात कोणत्या जाती आहेत ते आधी शोधा, मग त्यांच्या अळ्यांचं देशी झाड. रोपवाटिकेतून आणताना रोपाला आंतरप्रवाही (रसातून सगळ्या झाडात पसरणारं) कीटकनाशक दिलंय का ते विचारा. तसं रोप महिनोन्‌महिने अळ्यांसाठी विषारी राहू शकतं. झाडाखालचा पालापाचोळा झाडून टाकू नका, काही जातींचे कोष त्यातच असतात.

दुर्बीण लागते का?

कॅमेऱ्यापेक्षा आधी घ्यावी असं माझं मत आहे. नेहमीच्या पक्षिनिरीक्षणाच्या दुर्बिणीतून दोन-तीन मीटरच्या आतलं दिसत नाही, तेव्हा जवळचं दाखवणारी बघून घ्या. पेंटॅक्सच्या पॅपिलिओसारख्या दुर्बिणीतून अर्ध्या मीटरवरचं फूलही स्पष्ट दिसतं. तशी नसेल तर आहे ती उलटी धरा आणि डोळ्याला लावायची बाजू वस्तूच्या अगदी जवळ न्या. भिंगाचं काम होतं, अंड्यांसाठी तर छानच.